२०२८: रिपब्लिकन पक्षात बाशिंग बांधलेले पुष्कळ, पण तयार कोण?

रात्रपाळी_मालाड

आधीच सांगतो, हा धागा ट्रम्प चांगले की वाईट यावर नाही. त्यासाठी जुने धागे आहेत, ते वर काढा आणि हवं तेवढं भांडा. मला पुढचं विचारायचंय. १९५१ च्या बाविसाव्या घटनादुरुस्तीनुसार कोणीही राष्ट्राध्यक्ष म्हणून दोनदाच निवडून येऊ शकतो. म्हणजे ७ नोव्हेंबर २०२८ ला रिपब्लिकनांना दुसरा माणूस उभा करावाच लागणार. उजव्या गोटात गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्यांना तोटा नाही. त्यातला खरोखर तयार कोण?

माझा या सगळ्याशी संबंध एवढाच, की मी मालाडला अमेरिकन आरोग्य विम्याच्या एका प्रोसेसमध्ये बरीच वर्षं रात्रपाळी करतोय. आयोवा, ओहायो, जॉर्जिया ही राज्यं मी नकाशात नंतर पाहिली, त्यांचे आवाज आधी ऐकले. कॉलवर राजकारण काढायला आम्हाला सक्त मनाई आहे. पण क्लेमचं पान उघडेपर्यंत समोरची आजी थोडीच गप्प बसते? शिवाय त्यांची रात्री नऊची डिबेट उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी साडेसहाला लागते. लॉग-आउट करून ड्रॉपच्या गाडीत बसलं की थेट बघता येते.

२४ ऑगस्ट २०२३ ची सकाळ. आदल्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरलेलं, गाडीतले सगळे त्याचेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत होते. मी मात्र मिलवॉकीची डिबेट लावून बसलो होतो. मंचावर आठ जण, ट्रम्प आलेच नव्हते. प्रश्न आला: ट्रम्प यांना कोर्टाने दोषी ठरवलं आणि तरी तेच पक्षाचे उमेदवार झाले, तर पाठिंबा कोण कोण देणार? हात वर करा. विवेक रामस्वामी यांचा हात तडक वर गेला. रॉन डिसँटिस यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, बाकीच्यांचे हात गेलेत याची खात्री केली आणि मग आपला वर केला. ‘खिडकी कोणी फोडली’ असं बाईंनी विचारल्यावर मागच्या बाकावरचा पोरगा करतो, अगदी तसं. आणि हा माणूस नऊच महिन्यांपूर्वी फ्लोरिडा १९ टक्क्यांच्या फरकाने जिंकून आलेला! त्या दोन-तीन सेकंदांत माझ्यापुरते ते संपले.

आपल्याकडे तयारी-बियारीचा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिकीट वरून येतं. शेवटच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडला एवढंच बघायचं. इच्छुकांनी नाक्यानाक्यावर ‘भावी अमुक’चे बॅनर लावायचे आणि वाट बघायची. तिकडे तो फॉर्मच नाही. जानेवारीच्या बर्फात आयोवातली माणसं एखाद्या शाळेत नाहीतर चर्चमध्ये जमतात, पक्षाचा उमेदवार कोण हवा त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून देतात, आणि तिथून गाडी सुटते. जेब बुश यांचं उदाहरण घ्या. वडील माजी राष्ट्राध्यक्ष, भाऊ माजी राष्ट्राध्यक्ष, स्वतः फ्लोरिडाचे दोन टर्म गव्हर्नर, पाठीशी दहा कोटी डॉलरहून जास्त पैसा. २०१६ च्या फेब्रुवारीत साउथ कॅरोलायनात गाशा गुंडाळावा लागला.

तेव्हा माझी कसोटी अशी: साहेब म्हणजे ट्रम्प नाराज असताना आपल्याच पक्षाच्या मतदारांकडून तुम्ही मतं आणून दाखवलीत का? डिबेटमध्ये कोणी किती टाळ्या घेतल्या ते नंतर. तुमचं काय म्हणणं? नाव सांगा आणि कारण सांगा. नुसतं ‘+१’ नको.


मुलुंड_पूर्व

भाऊ, एवढा मोठा धागा कशाला? जे. डी. व्हान्स. विषय संपला.

उपाध्यक्ष आहेत. मार्च २०२५ पासून पक्षाच्या राष्ट्रीय समितीच्या निधीची जबाबदारीही त्यांच्याकडेच, म्हणजे देणगीदारांची सगळी वही त्यांच्या खिशात. खुद्द ट्रम्प ऑगस्ट २०२५ मध्ये बोलून गेले की वारस बहुधा हेच. तुम्ही एबी फॉर्म नाही म्हणता, याला मग काय म्हणायचं?

आणि डिबेटचंच माप लावायचं तर २ ऑक्टोबर २०२४ ची सकाळ आठवा. गांधी जयंतीची सुट्टी होती म्हणून मी पण पाहिली होती. समोर डेमोक्रॅटांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ. व्हान्स एकदाही चिडले नाहीत, मुद्दा सोडला नाही, वर समोरच्याशी गोड बोलत राहिले. वॉल्झसाहेब पहिली दहा मिनिटं नुसते अडखळत होते. तयार माणूस याहून वेगळा काय असतो?

आमच्या सोसायटीतल्या वॉट्सअप ग्रुपवर मात्र ‘आपल्या उषाताई (व्हान्स यांच्या भारतीय वंशाच्या पत्नी) फर्स्ट लेडी होणार’ म्हणून आत्ताच पेढे वाटून झालेत. ते सोडा.


शिवाजीपार्क_कट्टा

रात्रपाळी, प्रश्न चांगला आहे. मी महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवलं, आता निवृत्त. त्यामुळे लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मुलुंडकर, उपाध्यक्षपद ही पायरी दिसते तितकी सोपी नाही. पदावर असलेला उपाध्यक्ष थेट निवडून राष्ट्राध्यक्ष झाला, असं १८३६ मध्ये मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या बाबतीत घडलं, आणि त्यानंतर एकदम १९८८ मध्ये थोरल्या बुशांच्या बाबतीत. मधली दीडशे वर्षं कोणी नाही. प्रयत्न करून पडले त्यांची यादी बघा: निक्सन १९६०, हम्फ्री १९६८, अल गोर २०००, कमला हॅरिस २०२४. कारण उघड आहे. साहेबांच्या प्रत्येक चुकीचं ओझं याच्या डोक्यावर, आणि साहेबांपासून एक पाऊल लांब गेला की घरातलेच गद्दार म्हणणार. हम्फ्री यांना व्हिएतनामवर तोंड उघडता येईना, ते यामुळेच.

माझं मत विचाराल तर तयार उमेदवार म्हणजे एकदा मैदानात उतरून सपाटून मार खाल्लेला. रिपब्लिकन पक्षाचा हा जवळजवळ रिवाजच आहे. रेगन १९७६ मध्ये कॅन्सस सिटीच्या अधिवेशनात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्याकडून हरले, डेलिगेटांचा, म्हणजे अधिवेशनात मत देणाऱ्या प्रतिनिधींचा आकडा ११८७ विरुद्ध १०७०, इतकं थोडक्यात. थोरले बुश १९८० ला हरले. बॉब डोल तर १९८० आणि १९८८ असे दोनदा. मॅकेन २००० ला, रॉम्नी २००८ ला. या सगळ्यांना पुढे उमेदवारी मिळाली. ट्रम्प हा अपवाद, आणि अपवाद एवढा मोठा की लोक नियम विसरले.

हरल्याने काय येतं ते सांगतो. फेब्रुवारी १९८०, न्यू हॅम्पशायरमधलं नॅशुआ गाव. रेगन नुकतेच आयोवात बुशांकडून हरलेले. डिबेट दोघांचीच ठरलेली, तिचा खर्च रेगन यांच्या प्रचाराने उचललेला. ऐनवेळी त्यांनी बाकीच्या उमेदवारांनाही बोलावून घेतलं. ते बिचारे मंचावर मागे उभे, बसायला खुर्च्या नाहीत. सूत्रसंचालक म्हणाला, रेगन यांचा माइक बंद करा. त्यावर रेगन गरजले की या माइकचे पैसे मी भरलेत! सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. बुश बाजूला मान खाली घालून बसून राहिले. पहिल्यांदाच निवडणूक लढवणाऱ्या माणसाला असल्या क्षणी उठून बोलणं सुचत नाही.

या मापाने आज एकच नाव उरतं, मार्को रुबिओ. ६ फेब्रुवारी २०१६ ची न्यू हॅम्पशायरची डिबेट आठवत असेल. ओबामांबद्दलचं तेच पाठ केलेलं वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, आणि शर्यतीतलेच दुसरे उमेदवार ख्रिस क्रिस्टी यांनी ‘हे बघा, पुन्हा तेच’ म्हणून तिथल्या तिथे सोलून काढलं. तीन दिवसांनी मतदान झालं, रुबिओ पाचवे. मार्चमध्ये स्वतःच्या फ्लोरिडातच पडले. आज तोच माणूस परराष्ट्रमंत्री आहे. नेमणुकीला सिनेटने ९९ विरुद्ध ० अशी मान्यता दिली. वर मे २०२५ पासून राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराचं कामही त्यांच्याकडेच. ही दोन्ही पदं एकाच वेळी याआधी फक्त किसिंजर यांनी सांभाळली होती. कागद न बघता जगातल्या कुठल्याही भांडणावर बोलतात. पाठांतर मागे पडलं, आता विषय अंगात मुरलाय.


गिरगावातली_मुलगी

काका, नॅशुआचा किस्सा मस्त. पण रुबिओ यांनीच सांगितलंय ना, व्हान्स उभे राहिले तर मी पाठिंबा देणार म्हणून? मग तयार असून उपयोग काय?

आणि एक विचारते. आमच्या ऑफिसात ‘आपल्यातला कोणी तरी होऊ दे’ असं बोलणारे खूप आहेत. बॉबी जिंदल, निकी हेली, विवेक. यातलं कोणी तयार वाटतं का तुम्हाला? भावनेने नाही, खरंच.


रात्रपाळी_मालाड

काका, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून ठेवावी असं वाटतंय. पण रुबिओंवर माझी हरकत आहे. हरून शिकले हे कबूल. मात्र त्यांना मिळालेलं पद साहेबांनी दिलेलं आहे. उद्या साहेबांची मर्जी फिरली तर त्या ९९ मतांचं करायचं काय? सिनेटर कोणाला चांगलं म्हणतात याच्याशी आयोवातल्या शेतकऱ्याला देणंघेणं नाही.

मुलुंडकर, व्हान्सचं सांगतो. माणूस हुशार आहे, डिबेट झकास करतो, यात वाद नाही. पण स्वतःच्या नावावर जिंकलेली निवडणूक आजवर एकच, २०२२ ची ओहायोची सिनेटची. प्रायमरीत (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) साहेबांचा हात डोक्यावर, आणि अब्जाधीश पीटर थील यांचे दीड कोटी डॉलर. तरीही नोव्हेंबरमध्ये साधारण सहा टक्क्यांनी जिंकले. त्याच दिवशी, त्याच राज्यात, त्याच पक्षाचे गव्हर्नर माइक डिवाइन २५ टक्क्यांनी जिंकले! म्हणजे लाखो ओहायोकरांनी वर डिवाइन यांच्यावर खूण केली आणि खाली व्हान्स यांच्यावर केली नाही. उपाध्यक्षपदाच्या झगमगाटात हा आकडा सगळे विसरलेत, प्रायमरीतला प्रतिस्पर्धी विसरणार नाही. शिवाय २०१६ मध्ये हेच व्हान्स ट्रम्पविरोधी होते. त्या क्लिपा कुठे जात नाहीत.

आता माझा माणूस. ब्रायन केम्प, जॉर्जियाचे गव्हर्नर. नाव वाचून निम्मे लोक गुगल करतील, माहितीय मला.

नोव्हेंबर २०२० मध्ये बायडन यांनी जॉर्जिया घेतलं, फरक फक्त ११,७७९ मतांचा. ट्रम्प यांचं म्हणणं, विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलवा आणि निकाल फिरवा. केम्प यांनी बोलावलं नाही. कायद्यात बसत नाही म्हणाले आणि निकालाच्या कागदावर सही केली. त्यानंतर ट्रम्प यांनी यांना पाडायचा विडाच उचलला. माजी सिनेटर डेव्हिड पर्ड्यू यांना २०२२ च्या प्रायमरीत समोर उभं केलं, जाहीर पाठिंबा दिला, पैसे दिले. मे महिन्यात निकाल आला: केम्प ७४ टक्क्यांच्या आसपास, पर्ड्यू २२. हे लक्षात घ्या की मतदार सगळे रिपब्लिकन प्रायमरीतले, आणि त्यातले बहुतेक ट्रम्प यांचेही मतदार. नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅट स्टेसी एब्रम्स यांना सात टक्क्यांहून जास्त फरकाने हरवलं, तेही जिथे दोन वर्षांपूर्वी बायडन जिंकले होते त्या राज्यात.

कोणी म्हणेल, मग ते मवाळ असणार. अजिबात नाही. गर्भपातावर सहा आठवड्यांची मर्यादा घालणारा कायदा त्यांनी २०१९ मध्येच केला. २०२१ मध्ये मतदानाचे नियम असे कडक केले की निषेध म्हणून बेसबॉलवाल्यांनी त्यांचा ऑल-स्टार सामना अटलांटातून हलवला. आणि एप्रिल २०२० मध्ये, करोना ऐन भरात असताना, सलून, जिम, बोलिंगचे अड्डे उघडून दिले. तेव्हा खुद्द ट्रम्प म्हणाले होते, मला हे पटलेलं नाही.

त्या दिवसांत मेकन गावच्या एका बाईंचा कॉल मला लागला होता. गुडघ्याच्या ऑपरेशनची पूर्वमंजुरी अडकलेली. स्वतःचं छोटं सलून, दोन खुर्च्यांचं. मी फाइल शोधतोय आणि या बोलतायत: मी डोनाल्डची, पण माझं दुकान ब्रायनने उघडून दिलं. दोन्ही वाक्यं एकाच दमात, कुठे विसंगती आहे असं बाईंना वाटतच नव्हतं. २०२२ चा निकाल आला तेव्हा मला या बाई आठवल्या. ट्रम्पना शिव्या न देता ट्रम्पना नाही म्हणायचं आणि तरी त्यांचेच मतदार टिकवायचे, हे केम्प यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही. क्रिस्टी शिव्या देऊन संपले, ट्रम्प यांचे पहिले उपाध्यक्ष माइक पेन्स तत्त्व सांगून संपले.

गिरगावातल्या ताई, जिंदल यांचा विषय बंद. लुइझियानाचे दोन टर्म गव्हर्नर होते, तरी नोव्हेंबर २०१५ मध्ये, पहिलं मत पडायच्या आतच माघार घेतली. विवेक अजून ओहायोच्या गव्हर्नरपदाच्या मागे आहेत. आधी ते मिळवून चार वर्षं चालवून दाखवू देत. मिलवॉकीत हेलीबाईंनी त्यांना तोंडावर सुनावलं होतं की परराष्ट्र धोरणाचा तुम्हाला अनुभव नाही आणि तो नाही हे दिसतंय. आमच्या गाडीत चांद्रयान सोडून तेवढं एक वाक्य सगळ्यांनी ऐकलं. हेलींवर स्वतंत्र बोलायला हवं, इथे कोणी समर्थक असेल तर सुरुवात करा.


सीप्झ_सेटिंगवाला

मी करतो.

मी अंधेरीला सीप्झमध्ये जडावाच्या दागिन्यांच्या युनिटमध्ये आहे. आमचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, ७ तारखेला २५ टक्के शुल्क लागलं, आणि रशियन तेलाचं कारण काढून २७ तारखेपासून आणखी २५. नाताळचा माल निघायचे नेमके ते दिवस. कास्टिंग झालेलं, खडे बसलेले, फायनल पॉलिश बाकी, आणि तिकडून मेल येतो: होल्ड. अंगठ्यांचे ट्रे तसेच तिजोरीत परत. कारागीर संध्याकाळी पाचला हात धुऊन बसलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. आमच्याकडे सीझनला ओव्हरटाइम असतो.

म्हणून माझी कसोटी तुमच्यापेक्षा वेगळी. व्हान्स त्या महिन्यात टीव्हीवर सांगत होते की भारतावरचं शुल्क म्हणजे रशियावर दबाव आणायचं हत्यार आहे. म्हणजे आम्ही हत्यार! निकी हेली यांनी त्याच महिन्यात लेख लिहिला की भारताला चीनसारखा शत्रू समजू नका, लोकशाही भागीदार म्हणून वागवा. रशियन तेलावर भारतालाही दोन शब्द सुनावले, ते ठीकच. पण स्वतःच्या पक्षाचं सरकार असताना हे लिहायला धमक लागते. सहा वर्षं साउथ कॅरोलायनाच्या गव्हर्नर, मग संयुक्त राष्ट्रांत राजदूत. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना गोळ्या घातल्या, त्यानंतर विधानभवनाच्या आवारातला कॉन्फेडरेट झेंडा (गुलामगिरीसाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा) त्यांनी उतरवून घेतला. तेही दक्षिणेत, रिपब्लिकन असून. आणखी काय तयारी हवी?


रात्रपाळी_मालाड

सेटिंगवाले, तुमचा ट्रेचा अनुभव वाचून गप्पच झालो. शुल्काचं राजकारण आम्ही आकड्यांत बोलतो.

झेंड्याचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. तो निर्णय म्हणजे नेतृत्व. पण मतं बघा. आयोवात ९९ काउंट्यांपैकी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) ९८ ट्रम्प यांच्या. हेलींना एकच मिळाली, जॉन्सन काउंटी, जिथे विद्यापीठ आहे, आणि तीही एका मताने! २४ फेब्रुवारी २०२४ ला स्वतःच्या साउथ कॅरोलायनात साठ-चाळीसने हरल्या. पूर्ण शर्यतीत वॉशिंग्टन डीसी आणि व्हरमाँट एवढंच हाताशी लागलं, आणि ही दोन्ही ठिकाणं नोव्हेंबरमध्ये डेमोक्रॅटांची. म्हणजे राज्य करायला त्या तयार आहेत. उमेदवार व्हायला नाहीत, कारण त्यांचा मतदार पक्षात उरलेला नाही. आपल्या फायद्याचा उमेदवार आणि तयार उमेदवार यांची आपण नेहमी गल्लत करतो. व्हान्स सपत्नीक जयपूर-आग्रा फिरले, अक्षरधामला मुलांचे कुर्त्यातले फोटो आले, म्हणून ते आपले झाले का? चारच महिन्यांनी शुल्क लागलंच की.


शिवाजीपार्क_कट्टा

केम्प यांच्याबद्दलचं विवेचन आवडलं, पण एक शंका. राज्यात भक्कम आणि बाहेर फुसका, अशी रिपब्लिकन गव्हर्नरांची मोठी परंपरा आहे. विस्कॉन्सिनचे स्कॉट वॉकर चार वर्षांत तीन निवडणुका जिंकून आले होते, त्यात एक रिकॉलची, म्हणजे मुदत संपायच्या आत पदावरून काढण्यासाठी घेतलेली. २०१५ च्या सप्टेंबरात शर्यतीबाहेर. टेक्ससचे रिक पेरी तर राज्यात भरपूर नोकऱ्या आणल्या म्हणून मिरवत आले आणि नोव्हेंबर २०११ च्या डिबेटमध्ये आपण बंद करणार असलेल्या तीन खात्यांपैकी तिसऱ्याचं नाव विसरले. खातं ऊर्जेचं. पुढे ट्रम्प यांनी त्यांना नेमकं त्याच खात्याचं मंत्री केलं, हा नियतीचा विनोद वेगळा.

डिसँटिस यांचंही हेच झालं. प्रचाराची घोषणाच ट्विटरवरच्या आवाजी कार्यक्रमात, तो वीस-पंचवीस मिनिटं नीट चालेना. घरोघरी फिरायचं काम बाहेरच्या समितीकडे सोपवलेलं. स्वतः आयोवाच्या ९९ च्या ९९ काउंट्या पालथ्या घातल्या, जिंकली एकही नाही. केम्प यांनी जॉर्जियाबाहेर आजवर एकही सभा गाजवलेली मला आठवत नाही. व्हर्जिनियाचे यंगकिन यांचीही २०२१ नंतर अशीच हवा होती. तिथे गव्हर्नरला लागोपाठ दुसरी टर्म मिळत नाही, आणि २०२५ मध्ये त्यांच्या पक्षाच्या उमेदवार पडल्या. आता नाव कोण घेतं?


मुलुंड_पूर्व

काकांना +१ (देतोच, रागवा). आणि रात्रपाळी, तुमच्या केम्पसाहेबांनी मे २०२५ मध्ये सिनेटसाठीसुद्धा नाही म्हणून सांगितलं. पक्षातले मोठमोठे मागे लागले होते, तरी नाही. ज्याला सिनेट नको त्याला व्हाइट हाउस हवं असेल कशावरून? तुमचा नवरदेव तयार आहे, पण मांडवात यायचं नाव घेत नाही.


रात्रपाळी_मालाड

मुलुंडकर, सिनेटला नाही म्हणाले यात मला उलट शहाणपण दिसतं. गव्हर्नरकीची मुदत जानेवारी २०२७ ला संपते. सिनेटर झाले असते तर शुल्क, आरोग्य विमा, एपस्टीन फाइल, प्रत्येक विषयावर मत नोंदवावं लागलं असतं, ट्रम्पच्या बाजूने किंवा विरुद्ध. आता जानेवारीनंतर हात मोकळे, अंगावर एकही नवा डाग नाही. रेगन यांचीही कॅलिफोर्नियाची मुदत जानेवारी १९७५ ला संपली, त्यानंतर ते रेडिओवर बोलत आणि गावोगाव फिरत राहिले. काकांना हे माझ्याहून चांगलं माहीत असेल.

काकांचा मुद्दा मात्र खरा आहे, बाहेरच्या राज्यांत केम्प कसे चालतील याचा पुरावा माझ्याकडे नाही. वॉकर आणि डिसँटिस यांना गव्हर्नर झाल्यावर त्यांच्या राज्यात पक्षातून कोणी दमदार आव्हानच दिलं नव्हतं, केम्प यांना दिलं होतं, एवढाच फरक मी दाखवू शकतो. मला तो मोठा वाटतो, तुम्हाला कदाचित नाही वाटणार.

पैज लावायची तर उमेदवारीसाठी मीही व्हान्सवरच लावेन. पण धाग्याचा प्रश्न तो नव्हता. ३ नोव्हेंबर २०२६ च्या अमेरिकी संसदेच्या मध्यावधी निवडणुकीत रिपब्लिकनांनी मार खाल्ला तर त्याचं बिल उपाध्यक्षांच्या नावावर फाटेल, आणि मग आज गप्प बसलेले सगळे एकदम आयोवाच्या जत्रेत भाजलेलं डुकराचं मांस खाताना दिसतील. मागच्या वेळी हेलींनी फेब्रुवारीत घोषणा केली होती, डिसँटिस यांनी मे उजाडवला. २०२७ मध्ये त्या दोन महिन्यांच्या दरम्यान केम्प यांचं विमान आयोवाच्या राजधानीत, दे मॉइनला उतरलं तर हा धागा मीच वर काढेन. नाही उतरलं तर मुलुंडकर काढतीलच.

सेटिंगवाले, तुमच्या ऑर्डरींचं पुढे काय झालं ते लिहा. वेगळा धागा काढलात तरी चालेल.